रेकॉर्डवरचा कान

माझ्या एका मित्राकडे नवी रेकॉर्ड आली की ती लगेच लागत नाही. आधी तिची तपासणी होते. टेबललॅम्पची मान खाली वळते, चष्मा कपाळावर चढतो आणि दोन्ही तळव्यांच्या मध्ये कडांवर तोललेली तबकडी दिव्याखाली तिरकी धरली जाते. शेवटची चीज संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत काळी पट्टी उरते, तिच्यावरून त्याची नजर इंच इंच सरकत असते. "ऐकायचीय की एक्स-रे वाचायचाय?" असं वहिनींनी एकदा स्वयंपाकघरातून विचारलं. उत्तर मिळालं नाही. तो कान शोधत होता.

हा कान 'ब्लू नोट' या अमेरिकन कंपनीच्या जुन्या जॅझ रेकॉर्डींवर सापडतो. खरं म्हणजे तो कान नव्हेच. ब्लू नोटच्या तबकड्या न्यू जर्सीतल्या नॉर्थ प्लेनफील्ड इथल्या 'प्लास्टिलाइट' नावाच्या कारखान्यात छापल्या जात. कारखान्याची खूण म्हणून त्या काळ्या पट्टीत वळणदार रोमन 'पी' कोरलेला असे. तो थोडा कलता पाहिला की माणसाच्या कानासारखा दिसतो. १९६५-६६ च्या सुमारास ब्लू नोट 'लिबर्टी' कंपनीला विकली गेली, छपाई दुसरीकडे हलली आणि कान नाहीसा झाला. म्हणजे कान असेल तर तबकडी त्या व्यवहाराच्या आधीची. या नखाएवढ्या खुणेने किमतीपुढे एखादं शून्य सहज वाढतं.

कान सापडला म्हणून तपासणी थांबत नाही. लेबलवरचा पत्ता वाचायचा असतो. कंपनीचं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर होतं तेव्हाची लेबलं सगळ्यांत जुनी, नंतरची वेस्ट त्रेसष्टाव्या रस्त्यावरची, आणि साठीच्या दशकात नुसतंच 'न्यूयॉर्क, यूएसए'. लेबलवर जुन्या साच्यामुळे उमटलेली खोल गोल खाच आहे का, हे अंगठ्याने चाचपायचं. पट्टीत 'आरव्हीजी' ही तीन अक्षरं हाताने खरवडलेली आहेत की ठशाने उमटवलेली, हेही बघायचं. सगळं जुळलं तर ती 'फर्स्ट प्रेस'. सॅक्सोफोनवादक हँक मोब्लीच्या १५६८ क्रमांकाच्या रेकॉर्डची अशी सुस्थितीतली प्रत लिलावात पाच हजार डॉलरच्या वर गेलेली आहे. तेच संगीत आजच्या नव्या छपाईत तीस-चाळीस डॉलरला मिळू शकतं. मग या मधल्या फरकात माणूस नेमकं काय विकत घेतो?

त्यासाठी न्यू जर्सीतच जरा फिरावं लागेल. मराठी माणसाला न्यू जर्सी म्हटलं की एडिसन आठवतं, आणि एडिसन म्हटलं की तिथे राहणारा कुणीतरी भाचा-पुतण्या. ज्याच्या नावावरून हे गाव ओळखलं जातं त्या थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला तो याच हद्दीतल्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत. तिथून मोटारीने तासाभराच्या परिघात आपली सगळी गोष्ट घडते. प्लास्टिलाइटचा कारखाना एका बाजूला. दुसऱ्या बाजूला हॅकेन्सॅक गाव, आणि तिथे रूडी व्हॅन गेल्डर नावाच्या तरुणाच्या आईवडिलांचं घर. ते 'आरव्हीजी' म्हणजे हा. दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचे आणि उरलेल्या वेळात घराच्या दिवाणखान्यात माइक लावून ध्वनिमुद्रण करायचं, असा त्याचा दिनक्रम होता. दिवाणखाना आणि यंत्रांची खोली यांच्या मधल्या भिंतीत काच बसवलेली होती. माइल्स डेव्हिस, थेलोनियस मंक, जॉन कोल्ट्रेन अशी माणसं त्या दिवाणखान्यात येऊन वाजवून गेली. १९५९ मध्ये एंगलवुड क्लिफ्समध्ये त्याने उंच लाकडी छताचा स्वतंत्र स्टुडिओ बांधला आणि चष्म्याचा धंदा सोडला.

ब्लू नोट चालवणारे दोघेही मूळचे बर्लिनचे. आल्फ्रेड लायनने १९३९ मध्ये कंपनी काढली आणि त्याच वर्षी त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ नाझी जर्मनीतून निसटून त्याला येऊन मिळाला. वुल्फ ध्वनिमुद्रणाच्या वेळी फोटो काढायचा. त्या फोटोंवरून रीड माइल्सने केलेली कव्हरं आज लोक फ्रेम करून भिंतीवर लावतात. कव्हरांवर लिहायचं तर दुसरा लेख होईल.

व्हॅन गेल्डरचं वेगळेपण असं, की मुद्रण करणारा आणि तबकडी कोरणारा तो एकच होता. टेपवर आवाज उतरला म्हणजे रेकॉर्ड झाली असं होत नाही. टेपवरचा आवाज लेथवर एका लॅकर चढवलेल्या चकतीत खाच म्हणून कोरावा लागतो. त्या मऊ चकतीवर धातूचा थर चढवून उलटा साचा काढतात, त्याला या धंद्यात 'फादर' म्हणतात. फादरवरून 'मदर', मदरवरून 'स्टॅम्पर'. स्टॅम्पर यंत्रात बसतो आणि गरम व्हायनिलच्या गोळ्यावर दाबला जातो. हजारभर तबकड्या काढल्या की स्टॅम्पर झिजतो, मग मदरवरून दुसरा. तेव्हा संग्राहक ज्याला 'ओरिजिनल' म्हणतो ती वस्तू मूळ टेपपासून चार-पाच पिढ्या दूर असते. पणतवंडंच म्हणा.

कोरणं हे नकलून काढणं नसतं, हा यातला मुख्य मुद्दा. टेपवर आहे ते सगळं खाचेत बसत नाही. खर्जाचा आवाज खाचेला रुंद हेलकावे द्यायला लावतो, जागा खातो आणि हलक्या प्लेअरवर सुईला बाहेर फेकतो. १९५७ मधलं गिऱ्हाईक लाकडी पेटीतल्या साध्या फोनोवर, जड आर्मखाली ही रेकॉर्ड वाजवणार हे व्हॅन गेल्डरला माहीत होतं. म्हणून तो कोरताना तळाचा खर्ज छाटायचा, एकूण आवाज चढवायचा, उंच-सखल थोडं दाबून सारखं करायचा. म्हणून त्याच्या हातच्या तबकडीत ली मॉर्गनचा ट्रम्पेट स्पीकरमधून उडी मारून खोलीत येतो, ड्रमची काठी कानाजवळ पडते आणि पॉल चेंबर्सचा डबल बास मात्र जरा अंग चोरून उभा असतो. हा आवाज त्या दिवाणखान्यातला नव्हे. त्या दिवाणखान्याचा, त्या काळच्या यंत्रांचा आणि व्हॅन गेल्डरच्या मर्जीचा मिळून झालेला आहे.

ज्ञानेश्वरीच्या प्रतींचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हा पेच ओळखीचा वाटेल. एकनाथांनी १५८४ मध्ये प्रती ताडून पाठ शुद्ध केला. पुढे राजवाड्यांनी त्याहून जुनी म्हणून वेगळीच पोथी छापली आणि वाद माजला. जुनं ते मूळ, की ताडून शुद्ध केलेलं ते मूळ? जॅझचे संग्राहक याच प्रश्नावर भांडतात, फक्त त्यांचे पाठभेद कानाने ताडायचे असतात आणि पोथ्या फार महाग असतात.

नव्या आवृत्त्यांपैकी सध्या जिचा बोलबाला आहे ती ब्लू नोटचीच 'टोन पोएट' मालिका २०१९ मध्ये सुरू झाली. जो हार्ली तिची निवड आणि देखरेख करतो आणि केव्हिन ग्रे मूळ टेपवरून, मध्ये संगणक न आणता, नव्याने लॅकर कोरतो. आजच्या प्लेअरला खर्जाची भीती नाही, म्हणून व्हॅन गेल्डरने जे छाटलं ते इथे परत येतं. डबल बासला पोट सुटतं. झांजेचा आवाज विरेपर्यंत ऐकू येतो. उलट बाजूही आहे. टेप आता साठ-पासष्ट वर्षांची म्हातारी झाली, तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजतो, वरच्या पट्टीतलं तेज थोडं थोडं जातं. व्हॅन गेल्डरने कोरली तेव्हा ती टेप ताजी होती. हा फायदा कुठल्याही पैशाने परत मिळत नाही, आणि 'फर्स्ट प्रेस'वाल्यांचा सगळ्यांत सबळ मुद्दा मला तरी हाच वाटतो.

मधल्या काळातल्या जपानी छपाया वेगळ्याच. 'तोशिबा' आणि 'किंग' या कंपन्यांनी ब्लू नोट फार प्रेमाने छापलं. तबकडी इतकी स्वच्छ की सुई टेकल्याचंही कळू नये. पण त्या बहुधा टेपच्या नकलांवरून निघाल्या, आणि काही मला जरा इस्त्री केल्यासारख्या वाटतात.

जुनी प्रत म्हणजेच खरी प्रत, असं ज्यांना वाटतं त्यांनी 'काइंड ऑफ ब्लू'ची हकिकत लक्षात ठेवावी. ब्लू नोटला जसा कान तसे कोलंबियाला डोळे. त्या काळच्या कोलंबियाच्या लेबलवर दोन्ही बाजूंना मिळून डोळ्यासारखी सहा चिन्हं असत, म्हणून संग्राहक 'सिक्स-आय' म्हणतात. माइल्स डेव्हिसची ही रेकॉर्ड १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत दोन बैठकींत मुद्रित झाली. २ मार्चच्या पहिल्या बैठकीतल्या तीन रचना पहिल्या बाजूला आल्या. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित संथ चालत होतं. संथ मशीनवर भरलेली टेप बरोबर वेगाच्या मशीनवर वाजवली की सगळं थोडं जलद आणि थोडं चढं ऐकू येतं. पट्टी अर्ध्या स्वराहून कमी सरकली, पण पियानोवर साथ करायला बसणाऱ्याला खटकेल इतकी. पहिल्या छपाईपासून ही चूक तबकडीत होती आणि पुढच्या छपायांनी ती इमानाने चालवली. बैठकीत खबरदारी म्हणून एक दुसरं मशीनही चालू ठेवलेलं होतं. त्याचा वेग बरोबर होता. १९९२ च्या आवृत्तीत त्या दुसऱ्या टेपवरून पहिली बाजू दुरुस्त झाली.

म्हणजे तेहेतीस वर्षं जगाने जे 'सो व्हॉट' ऐकलं, ज्याच्यावर पिढ्याच्या पिढ्या वाजवायला शिकल्या, ते त्या दिवशी वाजलंच नव्हतं. वाजलं होतं त्याहून जरा खालच्या पट्टीत, जरा निवांत. आता सहा डोळ्यांची प्रत घेणाऱ्याने काय घेतलं? १९५९ ची वस्तू नक्कीच घेतली. १९५९ मधलं वादन मात्र १९९२ नंतरच्या छपाईत जास्त खरं आहे. माझ्या मित्राला हे सांगितलं की तो म्हणतो, "असू दे. चढं तर चढं. मी तेच ऐकत मोठा झालो." यावर वाद घालता येत नाही.

नव्या छपाईवाल्यांनीही फार ताठ मानेने फिरू नये असा एक प्रसंग २०२२ मध्ये घडला. 'मोबाइल फिडेलिटी' ही कॅलिफोर्नियातली कंपनी महागड्या, मर्यादित पुनर्मुद्रणांसाठी नावाजलेली. तिच्या तबकड्या मूळ टेपवरून थेट कोरलेल्या, मध्ये डिजिटल काही नाही, अशी गिऱ्हाइकांची श्रद्धा होती. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या चाळीस हजार प्रती काढणार असं कंपनीने जाहीर केलं तेव्हा काहींनी भुवया उंचावल्या. या छपाईत मदर न काढता लॅकरवरूनच थेट स्टॅम्पर काढत, म्हणजे एवढ्या प्रतींसाठी मूळ टेप पुन्हा पुन्हा वाजवावी लागेल. कोण देईल ती? पुढे अ‍ॅरिझोनातल्या एका रेकॉर्ड दुकानदाराने बोभाटा केला आणि कंपनीच्या इंजिनिअरांनी कबूल केलं की कित्येक वर्षं मधला एक टप्पा डिजिटल होता. प्रकरण कोर्टात गेलं, भरपाई ठरली. गंमत अशी, की डिजिटल आवाज दाराबाहेरूनच ओळखतो म्हणणारे कान त्याच तबकड्यांना गेली कित्येक वर्षं अव्वल अ‍ॅनालॉगचा नमुना म्हणून दाद देत होते. फसवणूक ती फसवणूकच, पण त्या दिवशी पुष्कळ सोन्याचे कान पितळेचे निघाले. मी या बातमीने जरा जास्तच खूश झालो होतो, हे कबूल करतो.

आणि खुद्द व्हॅन गेल्डर? ज्याची तीन अक्षरं दिसली की लोकांचे हात थरथरतात, त्याला स्वतःला तबकडीचं काडीचं प्रेम नव्हतं. एलपी ही आवाज बिघडवणारीच गोष्ट, ती गेली ते बरं झालं, असं मत त्याने उतारवयात उघडपणे मांडलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याने आपलंच जुनं काम हौसेने सीडीसाठी नव्याने मास्टर केलं. ती 'आरव्हीजी आवृत्ती' त्याच्याच अनेक भक्तांना रुचली नाही. फार मोठा, फार भडक आवाज, असं ते म्हणाले. कवीने म्हातारपणी स्वतःची कविता सुधारली की वाचक जसा नाराज होतो तसंच. २०१६ मध्ये तो वारला. त्याच्या हाताने खरवडलेल्या अक्षरांची किंमत त्यानंतर काही उतरली नाही.

इथे एका मुंबईकराची आठवण काढायला हवी. अमान्सियो डिसिल्वा हा मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या घरातला गिटारवादक साठीच्या दशकात लंडनला गेला. तिथे १९६९ मध्ये त्याची 'इंटिग्रेशन' निघाली आणि जमैकाच्या जो हॅरियट या अल्टो सॅक्सोफोनवादकाबरोबर 'हम दोनो'. दोन्ही ब्रिटिश कोलंबियाच्या 'लान्सडाउन' मालिकेतल्या. तेव्हा फार खपल्या नाहीत, म्हणून आज मूळ प्रती दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून त्यांची किंमत डोळे पांढरे करणारी. पण मला जास्त ओढ त्याच्या 'कोंकण डान्स'ची आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुद्रित झालेलं हे संगीत टेपवरच पडून राहिलं. त्याने १९९६ मध्ये डोळे मिटले तेव्हाही ते निघालेलं नव्हतं. बाहेर आलं २००६ मध्ये. त्याची 'फर्स्ट प्रेस' म्हणून सत्तरीतली वस्तूच जगात नाही. कान शोधायला जागा नाही, पत्ता वाचायचा नाही. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो मिनिटभर गप्प बसला. ज्याचं ओरिजिनलच नाही अशा रेकॉर्डचं काय करायचं हे त्याला सुचेना. मग म्हणाला, "म्हणजे नुसती ऐकायची?"

शेवटी एका रविवारी आम्ही ताडून पाहायचं ठरवलं. वस्तू एकच: कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन', हॅकेन्सॅकच्या दिवाणखान्यात १५ सप्टेंबर १९५७ रोजी मुद्रित झालेली. मित्राकडे कानाची मोनो प्रत, भाच्याने एडिसनहून पाठवलेली. कव्हरवर बॉलपेनने कुणाचं तरी आडनाव आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूला एक उभा ओरखडा, म्हणूनच परवडलेली. माझ्याकडे लिबर्टीच्या काळातली, कान नसलेली. पण पट्टीत 'आरव्हीजी' आहे, म्हणजे नवे मालक व्हॅन गेल्डरच्याच कोरणीवरून छापत होते. किंमत मित्राच्या प्रतीच्या पासंगालाही न पुरणारी. तिसरी २०२२ ची टोन पोएट, तीही मोनो. आम्ही पाठ करून बसायचं आणि वहिनींनी रेकॉर्डी बदलायच्या.

ही परीक्षा आंधळी होऊच शकत नाही हे पहिल्या दहा सेकंदांत कळलं. जुनी प्रत सुई टेकताच तळलेल्या पापडासारखी बोलते. म्हणून वहिनींनी शक्कल लढवली: सुई मधे कुठेतरी, सगळी वाद्यं जोरात असतील तिथे टेकवायची. तरी टोन पोएट आम्ही दोघांनीही लगेच ओळखली. बास खाली सोफ्यातून येत होता. कर्टिस फुलरचा ट्रॉम्बोन आणि कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन यांच्यामध्ये हवा होती. दोन मोनो आवाजांत हवा कशी असू शकते हे मला सांगता येणार नाही, पण होती. जुन्या दोन्हींमध्ये ती हवा नव्हती, त्याऐवजी धक्का होता. मॉर्गनचा ट्रम्पेट आला की पाठ नकळत सरळ व्हायची. कान असलेली कोणती आणि नसलेली कोणती, हे मात्र आम्हाला सांगता आलं नाही. सहा वेळा विचारलं, तीन वेळा बरोबर आलो. नाणं उडवूनही एवढेच मार्क पडले असते. मित्राचा चेहरा उतरला. मी माझा उतरलेला दाखवायचा प्रयत्न केला.

चहा झाल्यावर परीक्षा संपली आणि आम्ही नुसते ऐकत बसलो. टोन पोएटची दुसरी बाजू लागली होती. 'आय अ‍ॅम ओल्ड फॅशन्ड' ही संथ रचना, कोल्ट्रेन सरळ, न सजवता सूर धरतो. मित्राच्या प्रतीवरचा तो ओरखडा नेमका इथेच पडतो. तबकडी मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश वेळा फिरते, म्हणून दर १.८ सेकंदांनी एक 'टक', असे आठ-नऊ. नवी प्रत निर्मळ होती. मित्र डोळे मिटून बसला होता. ती जागा आली तशी खुर्चीच्या हातावरची त्याची तर्जनी हलायला लागली. टक. टक. गाण्याच्या लयीशी तिचा काही संबंध नव्हता. मी मोजत होतो. आठ झाल्यावर ती थांबली.